ज्यू राज्यसत्तेवरच्या नव्या पुस्तकांची ऑनलाइन व्याख्यानं : निवड, तयारी, टिपणं आणि प्रश्न

इस्रायल-पॅलेस्टाइनची बातमी आली की आपल्याकडची चर्चा बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर येऊन थांबते : तुम्ही कोणाच्या बाजूचे? ज्यांना त्यापुढे जायचं आहे, त्यांच्यासाठी आज फार मोठी सोय झालेली आहे. ज्यूंचं स्वतंत्र राज्य ही कल्पना कुठून आली, ती प्रत्यक्षात कशी उतरली, तिची किंमत कोणी मोजली, त्या राज्याच्या कायद्यात धर्माला किती जागा आहे, या प्रश्नांवर जगभरच्या विद्यापीठांतून सतत नवी पुस्तकं येत असतात. पुस्तक आलं की लेखक कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या व्यासपीठावरून त्यावर ऑनलाइन बोलतो. २०२० च्या करोनाकाळात ही पद्धत सगळीकडे पसरली आणि नंतरही टिकली. नावनोंदणी करायची, दुवा ईमेलवर येतो, आणि बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत. एकेकाळी ज्यासाठी न्यूयॉर्क किंवा जेरुसलेमच्या सभागृहात असावं लागे, ते आता साताऱ्यात किंवा म्हापशात बसून ऐकता येतं.

पण दुवा उघडून नुसतं ऐकलं तर हाती फार कमी लागतं. तासाभरात अनोळखी नावांचा मारा होतो, हिब्रू आणि यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली) शब्द येतात, आणि मुख्य म्हणजे वक्ता अनेकदा अशा अभ्यासकांना उत्तर देत असतो ज्यांची नावं आपण ऐकलेलीही नसतात. थोडी पूर्वतयारी केली तर तोच तास फार वेगळा जातो. ती तयारी इथे क्रमाने सांगतो. सुरुवातीलाच एक आग्रह : निवाडा ऐकायला बसू नका, या पुस्तकाने नेमका कोणता प्रश्न विचारला आहे ते शोधायला बसा. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

पायरी पहिली : कोणता धागा धरायचा ते ठरवा

ज्यू राजकारण म्हटलं की आपल्याला फक्त इस्रायल आठवतो. अभ्यासकांचं क्षेत्र याहून बरंच मोठं आहे, आणि ते न कळल्यामुळेच नवा श्रोता गोंधळतो. सोयीसाठी पाच धागे मानू.

पहिला धागा राज्य मिळण्याआधीच्या राजकारणाचा. १८९७ हे एकच वर्ष घ्या. ऑगस्टच्या शेवटी थिओडोर हर्झलने स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात पहिली झायोनिस्ट काँग्रेस, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं राष्ट्रीय घर मागणाऱ्या चळवळीची परिषद, भरवली. त्याच वर्षी, रशियन साम्राज्यातल्या विल्ना शहरात ज्यू कामगारांचा बुंड हा समाजवादी पक्ष स्थापन झाला. बुंडचं म्हणणं असं की आम्ही जिथे राहतो तिथेच हक्कांसाठी लढू, दुसरीकडे जाणार नाही. इतिहासकार सिमोन दुबनोव्ह सांगत होते की आहे त्या राज्यांमध्ये राहून ज्यूंना सांस्कृतिक स्वायत्तता हवी. अहाद हाअम या टोपणनावाने लिहिणाऱ्या विचारवंताला आधी आध्यात्मिक-सांस्कृतिक केंद्र हवं होतं, राज्याची घाई नको होती. १९०३ मध्ये ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेतली जमीन देऊ केली तेव्हा काँग्रेसमध्ये उभी फूट पडली. प्रस्ताव १९०५ मध्ये फेटाळला गेल्यावर इस्रायल झँगविल आपले समर्थक घेऊन बाहेर पडले आणि ‘जमीन कुठेही चालेल’ म्हणणारी वेगळी संघटना त्यांनी काढली. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या अगुदात इस्रायल या धर्मनिष्ठांच्या संघटनेला तर धर्मनिरपेक्ष राष्ट्रवादच मान्य नव्हता. पुढे सोव्हिएत संघाने अतिपूर्वेला बिरोबिजान भागात १९३४ साली ज्यूंसाठी स्वायत्त प्रांत केला. हे सगळे पर्याय त्या त्या वेळी खरे होते आणि त्यांच्यामागे माणसं होती. अलीकडचे अनेक अभ्यासक हेच हरवलेले रस्ते पुन्हा तपासत आहेत. मला स्वतःला हा धागा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण जे झालं तेच होणार होतं, ही आपली समजूत तो मोडतो.

दुसरा धागा ब्रिटिश मँडेट (पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनला मिळालेला पॅलेस्टाइनच्या कारभाराचा अधिकार) आणि फाळणीचा. ज्यूंच्या ‘राष्ट्रीय घरा’ला ब्रिटनचा पाठिंबा कळवणारं १९१७ चं बाल्फोर जाहीरनामापत्र, १९३७ चा पील आयोगाचा फाळणीचा प्रस्ताव, स्थलांतरावर मर्यादा घालणारी १९३९ ची श्वेतपत्रिका आणि १९४७ ची संयुक्त राष्ट्रांची समिती हे त्याचे टप्पे. भारतीय श्रोत्याला हा धागा लगेच जवळचा वाटतो. साम्राज्य तेच, दशक तेच. त्या अकरा देशांच्या समितीत भारतही होता. भारताचे प्रतिनिधी सर अब्दुर रहमान होते. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी फाळणीऐवजी संघराज्याची अल्पमताची योजना मांडली. २९ नोव्हेंबर १९४७ ला महासभेत फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला, १० देश तटस्थ राहिले. भारताने विरोधात मत दिलं. स्वतः नुकत्याच फाळणीतून निघालेल्या देशाचं ते मत होतं, हे ध्यानात ठेवून ही व्याख्यानं ऐकावीत.

तिसरा धागा १९४८ चा. १४ मे ला तेल अवीवमध्ये राज्याची घोषणा झाली. त्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी लोक घरादाराला मुकले. इस्रायली मांडणीत ते स्वातंत्र्ययुद्ध, पॅलेस्टिनी स्मृतीत ती नकबा, म्हणजे महासंकट. १९८० च्या दशकात इस्रायली दफ्तरखान्यांतली कागदपत्रं खुली होऊ लागली आणि इतिहासलेखन ढवळून निघालं. त्यावरचा वाद अजून चालू आहे.

चौथा धागा राज्य, कायदा आणि धर्म यांचा. त्याबद्दल पुढे सविस्तर बोलू. पाचवा इस्रायलबाहेरच्या ज्यू राजकारणाचा. त्यातलं एक उदाहरण मनात राहील असं आहे. न्यूयॉर्क राज्यात किर्यास जोएल नावाचं गाव आहे. सात्मार पंथाच्या हसिदी (भक्तिमार्गी, अतिधर्मनिष्ठ) ज्यूंनी वसवलेल्या या गावाला १९७७ मध्ये अधिकृत ग्रामदर्जा मिळाला. हा पंथ झायोनिझमचा कट्टर विरोधक, पण अमेरिकन कायद्याच्या चौकटीत त्याने स्वतःचं स्थानिक शासन उभं केलं. त्या गावासाठी न्यूयॉर्क राज्याने केलेला वेगळा शाळा-जिल्हा १९९४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. ज्यूंच्या हाती सत्ता असणं आणि ज्यू राज्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या गावावरून जितकं स्पष्ट होतं तितकं दहा व्याख्यांनी होत नाही.

सुरुवातीचे काही महिने यांतला एकच धागा धरा. आज बुंड, उद्या गाझा, परवा सर्वोच्च न्यायालय असं ऐकत गेलात तर काहीच जोडलं जात नाही.

पायरी दुसरी : व्याख्यानं कुठे शोधायची

न्यूयॉर्कची यिवो ही संस्था १९२५ मध्ये विल्ना शहरात सुरू झाली आणि महायुद्धात न्यूयॉर्कला हलली. पूर्व युरोपातल्या ज्यूंचा इतिहास आणि यिद्दिश संस्कृती हा तिचा प्रांत. बुंड, दुबनोव्ह, स्वायत्ततेचं राजकारण यांवरचे कार्यक्रम तिथे पाहा. जर्मन भाषक ज्यूंच्या इतिहासासाठी लिओ बेक इन्स्टिट्यूट आहे. तिची केंद्रं न्यूयॉर्क, लंडन आणि जेरुसलेम इथे आहेत. विद्यापीठांपैकी ब्रँडाइस, लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि न्यूयॉर्क विद्यापीठ यांच्याकडे इस्रायल अभ्यासाची स्वतंत्र केंद्रं आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं कॅट्झ सेंटर, ऑक्सफर्डचं हिब्रू आणि ज्यू अभ्यास केंद्र, लंडनचं सोआस विद्यापीठ आणि जेरुसलेमची व्हॅन लीअर इन्स्टिट्यूट ही नावंही वहीत लिहून ठेवा.

एवढ्यावर थांबलात तर अर्धंच ऐकाल. १९६३ मध्ये बैरूतमध्ये स्थापन झालेली इन्स्टिट्यूट फॉर पॅलेस्टाइन स्टडीज आणि कोलंबिया विद्यापीठाचं पॅलेस्टाइन अभ्यास केंद्र यांचे कार्यक्रमही यादीत हवेतच. ज्यू राज्यसत्तेचा प्रश्न ज्या भूमीवर उभा राहिला तिथल्या लोकांचा इतिहास त्याच प्रश्नाचा भाग आहे, त्याला जोडपत्र मानता येत नाही.

या संस्थांच्या ईमेल यादीत नाव घाला आणि यूट्यूब वाहिन्या अनुसरून ठेवा. वेळ जुळत नसेल तर ‘न्यू बुक्स नेटवर्क’ हा पॉडकास्टसमूह उपयोगी पडतो. त्यात ज्यू अभ्यास आणि इस्रायल अभ्यास अशा वेगळ्या मालिका आहेत आणि लेखकाची सविस्तर मुलाखत असते. मात्र तिथे मुलाखतकार सहसा लेखकाला अडवत नाही. म्हणून जिथे दुसरा अभ्यासक भाष्यकार म्हणून बसलेला आहे असा कार्यक्रम मिळाला तर तोच आधी निवडा. पुस्तकाच्या दुबळ्या जागा त्याच्याकडून कळतात.

निवडताना तीन गोष्टी पाहून घ्या. पुस्तक विद्यापीठीय प्रकाशनाचं आहे का, म्हणजे छापण्याआधी इतर अभ्यासकांनी ते तपासलं आहे का? लेखक कोणत्या भाषांमधली साधनं वाचतो? आणि यजमान संस्था संशोधन करणारी आहे की एखाद्या भूमिकेचा प्रचार करणारी? प्रचारसंस्थेचं व्याख्यान ऐकू नये असं नाही. ते प्रचारसंस्थेचं आहे हे माहीत असावं, इतकंच.

पायरी तिसरी : घड्याळ

यात चूक झाली की व्याख्यान हातचं जातं, म्हणून आकडे देतो. न्यूयॉर्कच्या आपण उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेदहा. तिथले दुपारचे १२ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. लंडनशी फरक साडेचार आणि साडेपाच तासांचा. जेरुसलेमशी अडीच आणि साडेतीन. लॉस एंजेलिसची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र उलटलेली असते, तिथे नंतर मिळणाऱ्या मुद्रणावरच, म्हणजे रेकॉर्डिंगवरच, भिस्त ठेवा.

फसगत होते ती मार्च आणि नोव्हेंबरच्या आसपास. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन आणि इस्रायल त्या महिन्याच्या अखेरीस. परतताना ब्रिटन-इस्रायल ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. या मधल्या काळात तोंडपाठ फरकावर विसंबू नका, नोंदणीनंतर येणारी कॅलेंडर फाइल फोनमध्ये टाका. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवारची रात्र हा शब्बाथ असल्याने ज्यू संस्था सहसा तेव्हा कार्यक्रम ठेवत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या सणांतही शांतता असते.

पायरी चौथी : आदल्या दिवसाची तयारी

पूर्ण पुस्तक वाचून जाण्याची अपेक्षा कोणी करत नाही. तास-दीड तास पुरे.

आधी प्रकाशकाच्या पानावरचा परिचय आणि अनुक्रमणिका वाचा. अनुक्रमणिकेवरून पुस्तकाची हाडं दिसतात : ते व्यक्तींवर उभं आहे, की घटनांवर, की कायद्याच्या कलमांवर? मग प्रस्तावना. ती बऱ्याचदा गूगल बुक्सवर किंवा प्रकाशकाच्या संकेतस्थळावर वाचायला मिळते. अभ्यासक आपला मुख्य दावा आणि कोणाशी मतभेद आहेत ते प्रस्तावनेतच सांगून टाकतो. प्रस्तावना मिळाली नाही तर लेखकाचा त्याच विषयावरचा एखादा जुना शोधलेख शोधा. जेस्टोर या शोधलेखांच्या ऑनलाइन संग्रहावर मोफत खातं उघडून ठरावीक संख्येने लेख वाचता येतात. सरकारी महाविद्यालयात किंवा विद्यापीठात असाल तर २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून कोणती नियतकालिकं खुली आहेत ते ग्रंथपालांना विचारा.

शेवटची अर्धी घटका मूळ दस्तऐवजाला द्या. हे पाऊल बहुतेक जण गाळतात आणि तिथेच मागे पडतात. बाल्फोर पत्र, मँडेट, १९३९ ची श्वेतपत्रिका, १९४७ चा ठराव आणि इस्रायलचा स्वातंत्र्य जाहीरनामा हे सगळं येल विद्यापीठाच्या अ‍ॅव्हलॉन प्रकल्पावर मोफत आहे. मूलभूत कायद्यांचा इंग्रजी मजकूर क्नेसेटच्या, म्हणजे इस्रायली संसदेच्या, संकेतस्थळावर मिळतो. बाल्फोर पत्र तर एका पानाचंही नाही. त्यात ‘राष्ट्रीय घर’ आहे, ‘राज्य’ नाही, आणि तिथल्या बिगरज्यू समाजांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांचा उल्लेख आहे, राजकीय हक्कांचा नाही. हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचून गेलेला माणूस व्याख्यान वेगळ्या कानांनी ऐकतो.

काही शब्द आधीच ओळखीचे असू द्यात. यिशुव म्हणजे राज्यस्थापनेपूर्वीचा पॅलेस्टाइनमधला ज्यू समाज. अलिया म्हणजे ज्यूंचं तिथे स्थलांतर. हलाखा म्हणजे धर्मशास्त्रीय नियम. हरेदी म्हणजे अतिधर्मनिष्ठ ज्यू. रिव्हिजनिस्ट म्हणजे जाबोटिन्स्कींनी १९२५ मध्ये उभा केलेला झायोनिस्टांमधला उजवा प्रवाह. झूमवरची आपोआप येणारी उपशीर्षकं नेमक्या याच शब्दांचा आणि नावांचा चुराडा करतात, म्हणून नाव कानावर पडेल तसं देवनागरीत लिहा आणि मागाहून तपासा.

पायरी पाचवी : ऐकताना काय टिपायचं

पानाचे चार भाग करा : दावा, पुरावा, प्रतिपक्ष, मर्यादा. वक्त्याचं प्रत्येक वाक्य उतरवण्यापेक्षा हे चार रकाने भरले की काम झालं. एका खऱ्या पुस्तकावर करून दाखवतो.

दिमित्री शुम्स्की हे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले इतिहासकार. ‘बियाँड द नेशन-स्टेट’ हे त्यांचं पुस्तक २०१८ मध्ये येल विद्यापीठाने प्रसिद्ध केलं.

दाव्याच्या रकान्यात असं येईल : पिन्स्कर, हर्झल, अहाद हाअम, जाबोटिन्स्की आणि पुढे इस्रायलचे पहिले पंतप्रधान झालेले बेन-गुरियन या झायोनिस्ट नेत्यांच्या डोक्यात दीर्घकाळ एकजिनसी राष्ट्र-राज्य नव्हतंच. अनेक राष्ट्रसमूह सामावणाऱ्या मोठ्या राजकीय चौकटीत ज्यूंचं स्वशासन, असं चित्र त्यांच्यापुढे होतं. स्वतंत्र राष्ट्र-राज्याकडे निर्णायक वळण आलं ते बरंच उशिरा, १९३० च्या दशकाच्या अखेरीस आणि महायुद्धाच्या काळात.

पुराव्यात : या नेत्यांचं स्वतःचं राजकीय लेखन. ही माणसं रशियन आणि हॅब्सबर्ग (ऑस्ट्रिया-हंगेरी) अशा बहुराष्ट्रीय साम्राज्यांत वाढली, त्यामुळे ‘राज्य’ म्हणताना त्यांना काय अभिप्रेत होतं ते त्या पार्श्वभूमीवर वाचलं पाहिजे, ही शुम्स्कींची पद्धत. बेन-गुरियन यांच्या संघराज्यीय आराखड्यांचाही त्यात विचार आहे.

प्रतिपक्ष इथे फार महत्त्वाचा. दुसरे इतिहासकार म्हणतात, ही सावध भाषा डावपेचाची होती. ऑटोमन सुलतान किंवा ब्रिटिश सरकार यांच्यापुढे उघड ‘राज्य’ मागणं परवडणारं नव्हतं. १८९७ च्या बाझल कार्यक्रमातही राज्याऐवजी सार्वजनिक कायद्याने सुरक्षित केलेलं घर अशीच शब्दरचना आहे. मग ती रचना अंतरीच्या विचाराची खूण की झाकण? हा वाद कागदपत्रांच्या वाचनावर उभा आहे, आणि दोन्ही बाजूंना कागद आहेत.

मर्यादेच्या रकान्यात आपला प्रश्न येतो. पुस्तक विचारवंतांचं लेखन वाचतं, पण जमीनखरेदी, वसाहती, ज्यू कामगारांची मक्तेदारी, संस्थांची उभारणी हे जमिनीवर जे चाललं होतं ते कुठल्या दिशेने जात होतं? पॅलेस्टिनी शेतकऱ्याच्या वाट्याला नेत्याची कल्पना आली की वसाहतीचं कुंपण? पॅलेस्टिनी इतिहासकारांचा भर नेमका इथे असतो. हा रकाना भरला म्हणजे पुस्तक खोटं ठरत नाही, त्याचं उत्तर कुठल्या प्रश्नाचं आहे तेवढं निश्चित होतं.

असे चार रकाने भरायला सुरुवातीला मुद्रण थांबवत ऐकावं लागेल. हरकत नाही. अवघड वाटलं तर गती कमी करा, आणि शेवटची प्रश्नोत्तरं मात्र कधीही सोडू नका. लेखक लिहिताना ज्या जागा गुळगुळीत करतो त्या तिथे उघड्या पडतात.

पायरी सहावी : प्रश्न विचारा

मराठी श्रोते, अगदी प्राध्यापकसुद्धा, इथे मागे राहतात. इंग्रजी बोलण्याचा संकोच असतो. पण ऑनलाइन कार्यक्रमात प्रश्न लेखी पाठवायचा असतो. आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीत उतरवा, दोन-तीन वाक्यांत बसवा. सुरुवातीला ‘प्रोफेसर’ आणि आडनाव. स्वतःची ओळख एका ओळीत, हवी असेल तर.

‘तुम्ही इस्रायलच्या धोरणांचं समर्थन करता का?’ हा प्रश्न वाया जातो, सूत्रसंचालक तो बाजूला ठेवतो. त्याऐवजी वक्त्याच्या विषयात शिरणारा, शक्यतो आपल्या इतिहासातून येणारा प्रश्न विचारा. उदाहरणार्थ : ‘१९४७ मध्ये भारत, इराण आणि युगोस्लाव्हियाने संघराज्याची योजना मांडली. द्विराष्ट्रीय राज्याचा, म्हणजे ज्यू आणि अरब दोघांच्या मिळून एकाच राज्याचा, पुरस्कार करणाऱ्या मॅग्नेस-बुबर गटाने तिच्याकडे कसं पाहिलं?’ किंवा : ‘गांधींनी २६ नोव्हेंबर १९३८ च्या हरिजनमध्ये ज्यूंच्या प्रश्नावर लेख लिहिला आणि ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी १९३९ मध्ये त्याला सविस्तर उत्तर दिलं. तुमच्या मांडणीत बुबर यांच्या त्या उत्तराला काय स्थान आहे?’ असे प्रश्न तिथल्या श्रोत्यांकडून क्वचितच येतात, आणि वक्ते त्यांचं मनापासून स्वागत करतात. फाळणी, अल्पसंख्याकांचे स्वतंत्र मतदारसंघ, धर्मनिहाय व्यक्तिगत कायदे : भारतीय श्रोत्याकडे तुलनेचं जे भांडार आहे ते वापरायला हवं.

कोकणातून जाणारा रस्ता

चौथ्या धाग्याबद्दल, म्हणजे राज्य आणि धर्माबद्दल, सविस्तर बोलतो, कारण तिथे मराठी भाषकांचा स्वतःचा इतिहास आहे.

इस्रायलला एकसंध लिखित राज्यघटना नाही. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ती १ ऑक्टोबर १९४८ पर्यंत होईल असं म्हटलं होतं. ती झाली नाही. जून १९५० मध्ये क्नेसेटने ठरवलं की एकेक मूलभूत कायदा करत जाऊ. ती मालिका आजही अपुरी आहे आणि वादग्रस्तही. इस्रायल हे ज्यूंचं राष्ट्र-राज्य असल्याचं सांगणारा २०१८ चा राष्ट्र-राज्य कायदा ६२ विरुद्ध ५५ मतांनी झाला. २०२३ मध्ये न्यायालयाचे अधिकार कमी करणारी दुरुस्ती आली आणि ती १ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ७ अशा निकालाने रद्द केली. या विषयावर पुस्तकं येतच राहणार. दोन मुद्दे मात्र प्रत्येक व्याख्यानात कुठेतरी असतात. १९५० च्या परतीच्या कायद्याने प्रत्येक ज्यूला इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क दिला. आणि १९५३ च्या कायद्याने ज्यूंचे विवाह-घटस्फोट धार्मिक न्यायालयांकडे सोपवले. म्हणजे कोण ज्यू हे राज्य एका दारात ठरवतं आणि रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, दुसऱ्या दारात.

या दोन दारांच्या मध्ये सापडले ते आपले बेने इस्रायली. नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आलेल्या पूर्वजांची कथा सांगणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली म्हटले जाणारे, घरी मराठी बोलणारे हे लोक १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. राज्याने त्यांना ज्यू म्हणून आत घेतलं. पण १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने निर्देश काढले की बेने इस्रायली व्यक्तीचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या वंशाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. ज्यांच्या आजोळची कबरस्तानं रेवदंड्यात आणि अलिबागेत आहेत, त्यांना आपलं ज्यू असणं सिद्ध करायला सांगितलं गेलं. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये त्यांनी मोठं आंदोलन केलं. त्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने जाहीर केलं की बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि रब्बींच्या निर्देशांतून त्यांचं नाव काढण्यात आलं.

म्हणून धर्म आणि राज्य यांवरचं कुठलंही व्याख्यान ऐकताना हा प्रसंग हाताशी ठेवा. वक्त्याचा सिद्धान्त त्याला लावून पाहा. राज्याचं सार्वभौमत्व धर्मशास्त्रावर कुरघोडी करतं असं कोणी म्हणत असेल तर १९६४ त्याच्या बाजूने बोलतं. धार्मिक सत्तेने नागरिकत्वाच्या आत दुसरी पायरी निर्माण केली असं म्हणत असेल तर १९६२ बोलतं. आपल्या आईच्या भाषेतल्या लोकांचा अनुभव जागतिक पुस्तकात कुठे बसतो हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. इस्रायलमधून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघत आलं आहे. तिथल्या मराठी ज्यूंचं स्वतःचं म्हणणं मिळेल तिथून वाचा, त्यांच्याबद्दल इतरांनी लिहिलेलंच वाचू नका.

पायरी सातवी : ऐकून झाल्यावर

त्याच आठवड्यात पुस्तकाची दोन परीक्षणं शोधा, एक अनुकूल, एक प्रतिकूल. ‘इस्रायल स्टडीज’, ‘ज्युइश सोशल स्टडीज’ आणि ‘जर्नल ऑफ पॅलेस्टाइन स्टडीज’ ही नियतकालिकं त्यासाठी पाहा. प्रतिकूल परीक्षण वाचून आपल्या मर्यादेच्या रकान्यात भर पडली का ते बघा.

पुस्तक घेण्याची घाई करू नका. विद्यापीठीय प्रकाशनांच्या कापडी बांधणीच्या प्रती फार महाग असतात, कागदी बांधणीची आवृत्ती सहसा काही काळाने येते. काही पुस्तकं प्रकाशक पूर्ण मोफत खुली करतात, तेही तपासा. विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात खरेदीसाठी शिफारस करण्याचा अर्ज असतो. तो भरला जात नाही म्हणून ही पुस्तकं आपल्याकडे येत नाहीत.

समाजमाध्यमांवर एखाद्या अभ्यासकाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरत आला तर मूळ मुद्रण शोधून आधीची आणि नंतरची पाच मिनिटं ऐका. अभ्यासक दुसऱ्याचं मत सांगत असताना तेवढंच कापून त्याचं म्हणून पसरवण्याचे प्रकार या विषयात नेहमी होतात. ज्यूद्वेषी आणि मुस्लिमद्वेषी टिप्पण्या या व्याख्यानांखाली ढिगाने असतात. त्यांना उत्तर देत बसू नका आणि त्यांची छायाचित्रं पुढे पाठवू नका.

शक्य असेल तर हे काम चार-पाच जणांनी मिळून करावं. गावच्या वाचनालयात किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागात महिन्यातून एकदा मुद्रण एकत्र पाहायचं. संस्थेचा मूळ दुवा वापरायचा, चित्रफीत उतरवून दुसरीकडे चढवायची नाही. प्रत्येकाकडे एकेक रकाना द्यायचा, आणि ज्याची सहानुभूती इस्रायलकडे आहे त्याला पॅलेस्टिनी बाजूचा पुरावा मांडायला सांगायचा, दुसऱ्याला उलट. चर्चा मराठीतच करायची. शेवटी एका पानाचं मराठी टिपण तयार करायचं, त्यात व्याख्यानाची तारीख, संस्था आणि पुस्तकाचं नाव लिहायचं आणि ते वाचनालयाच्या फाइलीत ठेवायचं. पहिल्या सत्रासाठी १८९७ वरचं, म्हणजे बुंड आणि बाझल यांवरचं, एखादं व्याख्यान घ्या. दुसऱ्यासाठी मँडेटकाळातल्या फाळणीवरचं, तिसऱ्यासाठी १९४८ वरचं एखाद्या पॅलेस्टिनी इतिहासकाराचं. कायदा आणि धर्माकडे त्यानंतर वळा, तोवर १९६४ चा प्रसंग कोणीतरी नीट वाचून आलेलं असेल.